हळद-ओवा खाल्लेली बाजू मागे का पडली? लातूरकडच्या उन्हाळी ब्रॉयलर बॅचचे प्रकरण

लातूर-औसा पट्ट्यातले ३,००० पक्ष्यांचे शेड. लांबी १२० फूट, रुंदी ३० फूट, म्हणजे पक्ष्यामागे १.२ चौरस फूट. पिल्ले स्वतः विकत घेतलेली, खाद्य स्वतःच भरडून मिसळलेले, विक्री व्यापाऱ्याला. कंपनीचा करार नाही. मार्चअखेर टाकलेली बॅच, म्हणजे शेवटचे तीन आठवडे ऐन एप्रिल-मेच्या उन्हात. प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. शेड, वजने आणि दर नमुन्यादाखल घेतले आहेत, पण यातली प्रत्येक चूक मराठवाड्यातल्या शेडवर नेहमी दिसणारी आहे.

मालकाला पाहायचे होते एवढेच, की खाद्यात हळद, लसूण, ओवा आणि शेवग्याचा पाला घातला तर पक्षी लवकर भरतो का आणि औषधाचा खर्च कमी होतो का. प्रश्न रास्त आहे. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालणे १ जानेवारी २००६ पासून बंद केले. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुखाद्यातून आणि पशुउपचारातून हद्दपार झाले. वनस्पतिजन्य पुरवणीचे डबे आता पोल्ट्री औषध दुकानांत दिसतात. घरचीच हळद आणि बांधावरचा शेवगा असताना डबा कशाला घ्यायचा, असे वाटणे साहजिकच.

शेड मधोमध जाळीने दोन भागांत केले. पूर्वेकडे १,५०० पक्षी साध्या खाद्यावर, पश्चिमेकडे १,५०० पक्षी पुरवणीवर. अकराव्या दिवसापासून पश्चिमेच्या प्रत्येक १०० किलो स्टार्टर (सुरुवातीच्या टप्प्यातल्या) खाद्यात वरून घातले: शेवगा पाला पूड ३ किलो, हळद १ किलो, लसूण पूड १ किलो, ओवा अर्धा किलो. एकूण साडेपाच किलो. पंधराव्या दिवसापासून पश्चिमेच्या टाकीत यकृताचे आयुर्वेदिक सिरप आणि गूळही सुरू झाला. दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या आणि निप्पलच्या (चोच लावली की पाणी सोडणाऱ्या तोट्यांच्या) लाइनी वेगवेगळ्या होत्या.

२१ व्या दिवशी पूर्व ८६० ग्रॅम, पश्चिम ८५० ग्रॅम. २८ व्या दिवशी पूर्व १,३८० आणि पश्चिम १,३००. पुरवणी खाणारी बाजू ८० ग्रॅमने मागे! पाय मात्र त्याच बाजूचे जास्त पिवळे, आणि त्यावरून 'पक्षी तंदुरुस्त आहे, वजन नंतर धरेल' असा अंदाज बांधला गेला. पायाचा पिवळेपणा शेवग्यातल्या आणि मक्यातल्या रंगद्रव्याचा असतो. त्यावरून वाढ मोजता येत नाही.

८० ग्रॅम खरे की वजनकाट्याचा खेळ?

दोन्ही बाजूंना ३०-३० पक्षी वजन केले होते. एकाच वयाच्या ब्रॉयलरमध्ये वजनाचा फरक साधारण १० टक्के धरला, तर या वयाला तो १३५ ग्रॅमच्या आसपास येतो. ३० पक्ष्यांच्या सरासरीत २५ ग्रॅमची चूक सहज राहते आणि दोन सरासऱ्यांच्या फरकात ३५ ग्रॅमची. ८० हा आकडा ३५ च्या दुपटीहून मोठा आहे, म्हणून फरक खरा असण्याची शक्यता जास्त. २१ व्या दिवसाचा १० ग्रॅमचा फरक मात्र कशातच धरू नये.

पक्षी कसा पकडला यानेही आकडा बदलतो. दाराजवळचा, हळू चालणारा पक्षी हातात लवकर येतो आणि तो बहुधा हलकाच असतो. शिवाय मिश्र पिल्लांत नर मादीपेक्षा चांगलाच जड भरतो, त्यामुळे पकडलेल्यांत नर किती आले यावरही सरासरी हलते. यावर साधा उपाय म्हणजे शेडच्या तीन ठिकाणी जाळीचा आडोसा करून पक्षी कोंडावेत आणि आत आलेला एकूणएक पक्षी वजन करावा, निवड करू नये. एका बाजूला किमान ६० पक्षी व्हायला हवेत.

फरक खरा धरला, तरी तो पुरवणीचाच आहे हे अजून सिद्ध होत नाही. संशयित चार: ऊन, पाणी, खाद्याची मिसळण आणि शेवटी वनस्पती. शेडवर लोक चौथ्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. येथे पहिल्या तीनकडेच जास्त सापडले.

ऊन

शेड पूर्व-पश्चिम लांब, म्हणजे बांधणी बरोबर आहे. पण पश्चिमेची भिंत दुपारी तीनपासून तापते आणि त्या टोकाच्या पत्र्याखालची हवा आत येते. पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर दुपारी तीनला तापमापक टांगला तेव्हा पूर्वेला ३६ आणि पश्चिमेला ३९ अंश. ब्रॉयलरला घामग्रंथी नसतात, तो धापा टाकूनच उष्णता काढतो. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आम्लाचा तोल बिघडतो आणि भूक मरते. या तीन अंशांतच काही ग्रॅम गेले असणार. पुरवणी नेमकी तापणाऱ्या टोकाला दिल्याने उन्हाचा आणि हळदीचा परिणाम वेगळा काढणे अशक्य झाले. तुलना करायची असेल, तर शेडचे पूर्व-पश्चिम असे दोनच भाग कधी करू नयेत.

पाणी

२९ व्या दिवशी निप्पलखाली मोजपात्र धरून एक मिनिट पाणी सोडले. या मोजणीसाठी लक्षात ठेवायचे सूत्र सोपे आहे: वय आठवड्यांत घेऊन त्याला ७ ने गुणावे आणि २० मिळवावेत, तेवढे मिलिलिटर दर मिनिटाला यायला हवेत. चार आठवड्यांना ४८ मिली. पूर्वेच्या निप्पलांना ४६ ते ५० मिळाले. पश्चिमेला २६ ते ३०.

खरे प्रकरण येथे उलगडले. बोअरचे पाणी जड, त्याचा पांढरा थर पाइपच्या आत आधीच होता. त्यावर गूळ आणि सिरप गेले आणि उन्हाने तापलेल्या पाइपमध्ये जिवाणूंनी चिकट बुळबुळीत थर धरला. निप्पल उघडून बोटांत धरले की तो थर हाताला लागतो. काळपट, ओशट, आंबूस वासाचा. टाकीतले पाणी स्वच्छ दिसत होते, म्हणून कोणी लाइन तपासलीच नव्हती. ब्रॉयलर नेहमीच्या हवेत खाल्लेल्या खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो, ४० अंशांच्या दिवशी त्याहून बरेच जास्त. पाणी अर्धे झाले की खाणे आपोआप तुटते आणि दोन दिवसांत वजनात उतरते.

लाइन धुण्याचा क्रम असा होता. आधी सिरप आणि गूळ पूर्ण बंद. रेग्युलेटर उघडून प्रत्येक लाइनच्या शेवटच्या टोकाचे झाकण काढले आणि पाणी निवळ येईपर्यंत दाबाने सोडले. त्यानंतर टाकीत क्लोरीन एवढे, की शेवटच्या निप्पलला २ ते ३ पीपीएम (लिटरमागे २ ते ३ मिलिग्रॅम) मिळावे. चाचणी पट्टी टाकीला लावून उपयोग नाही, शेवटच्या निप्पललाच लावायची. दोन दिवसांत प्रवाह ४० च्या वर आला. चुन्याचा थर काढण्यासाठी सायट्रिक आम्ल आणि चिकट थरासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड शेड रिकामे असतानाच वापरावे, डब्यावरच्या प्रमाणात आणि नंतर लाइन नीट धुऊन. पक्षी असताना तसली तीव्र द्रावणे लाइनमध्ये नकोत.

लासोटा (राणीखेतीची) किंवा गंबोरो रोगाची लस पाण्यातून द्यायची असेल, त्या दिवशी आणि आदल्या दिवशी क्लोरीन तर नकोच, पण ओवा-लसणाचा अर्कही नको. जिवंत लस आहे. पाण्यात लिटरमागे २.५ ग्रॅम साय काढलेली दूध पूड टाकून १५-२० मिनिटांनी लस मिसळतात, त्या पाण्यात तिसरे काही घालू नये.

मिसळण

साडेपाच किलो पूड १०० किलो तयार खाद्यात वरून घातली की जे मिळते ते १०५.५ किलो. मक्याची ऊर्जा, वेगळे घातलेले मिथिओनिन आणि लायसिन (ही दोन्ही प्रथिनांतली आवश्यक अमिनो आम्ले), जीवनसत्त्वे, रक्ती हगवणीचे औषध, सगळेच ५ टक्क्यांहून थोडे जास्त पातळ झाले. प्रथिने टिकतात, कारण वाळवलेल्या शेवग्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात. २२ टक्क्यांचे स्टार्टर २१.९ वर येते. पण ऊर्जा घटते. भारतीय मानकानुसार स्टार्टरमध्ये किलोला ३,१०० किलोकॅलरी हवी. घातलेल्या पुडींची ऊर्जा सरासरी २,००० धरली तर मिश्रण सुमारे ३,०४० वर येते. सॅलिनोमायसिन (रक्ती हगवणीचे औषध) टनाला ६० ग्रॅम होते ते ५७ झाले, त्याने लगेच काही बिघडत नाही. ऊर्जा मात्र अशी किलोभर खाद्यामागे ६० किलोकॅलरीने कमी पडली, तर पक्ष्याला तेवढेच वजन धरायला जास्त खावे लागते आणि उन्हात तो जास्त खात नाही.

त्यात मिसळण फरशीवर फावड्याने. बारीक पिवळी पूड भरड्यातून खाली सरकते. फीडर उलटा करून तळ पाहिला तर भरडा वर आणि हळदीचा थर तळाशी. ब्रॉयलर चोचीने कण टिपतो, धूळ नाही. म्हणजे एका बाजूला खाद्य पातळ केले आणि दुसऱ्या बाजूला जे घातले तेही त्याच्या पोटात गेले नाही. (पॅलेट, म्हणजे वाफेवर दाबून केलेल्या गोळ्यांच्या खाद्यावर वरून पूड भुरभुरणाऱ्यांची गत याहून वाईट होते. तिथे तर पूड पोत्याच्या तळाशीच राहते. आणि पॅलेट करतानाच घातली, तर ८० अंशांच्या वाफेत ओव्याचे उडणारे तेल बरेच जाते.)

शेवग्याचे ३ टक्के हे स्वतःहून फार नाहीत. त्याहून जास्त पातळीवर तंतू, टॅनिन आणि सॅपोनिनमुळे पक्षी खाणे कमी करतो. मात्र शेवगा पुरवणी म्हणून न धरता खाद्याचा घटक म्हणून सूत्रात बसवायला हवा, म्हणजे सोयाचा काही भाग कमी करून आणि तेल वाढवून.

वनस्पतींकडे

आता चौथा संशयित. शवविच्छेदनात यकृत घट्ट आणि नेहमीच्या रंगाचे होते, फिकट पिवळे, ठिसूळ, सुजलेले नव्हते. म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा (धान्यावरच्या बुरशीच्या विषाचा) मोठा मारा दिसला नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण हळदीचा सर्वात खात्रीचा उपयोग तिथेच आहे. हळदीतले कर्क्युमिन यकृतातली ती विकरे दाबते जी अफ्लाटॉक्सिनला घातक रूप देतात. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस झेललेला, १४ टक्क्यांहून ओला साठवलेला खरीप मका खाद्यात असेल, तर हळदीचा फरक जाणवू शकतो. मानकाची मर्यादा २० पीपीबी (किलोमागे २० मायक्रोग्रॅम) आहे. त्याहून वर गेलेला मका हळदीने सुधारत नाही, तो बाजूलाच काढावा. या बॅचचा मका रब्बीचा, कोरडा. हळदीला दाखवायला फारसे काम नव्हते.

ओव्याच्या तेलात थायमॉल हा मुख्य घटक. परदेशी पुरवण्या ज्या थाइम आणि ओरेगॅनोवर उभ्या आहेत, त्यांचे बळही थायमॉल आणि कार्व्हाक्रॉलमध्येच आहे. ते जिवाणूंचे आवरण फोडते आणि पाचक रस वाढवते. म्हणून आतड्यावर ताण असताना, म्हणजे पहिल्या दहा दिवसांत किंवा लिटर (शेडमधले अंथरूण) ओले असताना त्याचा उपयोग अपेक्षित. लसणाचे ॲलिसिन पाकळी ठेचल्यावर तयार होते आणि उष्णतेत टिकत नाही. उन्हात कडकडीत वाळवलेल्या जुन्या लसूण पुडीत वास राहतो, दम फारसा नसतो. लसणाचे भाव पाहता या यादीतून आधी तोच वगळावा.

हळद घ्यायची तर हिंगोली-वसमतच्या बाजारातून अख्खे हळकुंड किंवा स्वस्त गड्डा घेऊन दळावा. झगझगीत पिवळी सुटी पूड घेऊ नये, तिच्यात शिशाच्या रंगाची भेसळ असू शकते आणि शिसे पक्ष्यातून माणसापर्यंत पोहोचते. ओवा आठवड्यापुरताच भरडावा आणि हवाबंद ठेवावा.

एक गोष्ट थेट सांगायला हवी. रक्ती हगवणीचे औषध 'ओवा चालू आहे' म्हणून बंद करू नये. तेवढा पुरावा नाही. आणि श्वासाच्या आजारावर डॉक्टरांनी टायम्युलिन लिहिले, तर खाद्यात सॅलिनोमायसिन आहे हे त्यांना आधी सांगावे. दोन्ही एकत्र गेल्यास पक्षी लुळे पडून मरतात.

बॅच बंद झाली तेव्हा

४० व्या दिवशी पूर्वेचे वजन १.९८ किलो, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेले किलो खाद्य) १.७०, मरतूक ५८. पश्चिमेचे वजन १.९० किलो, एफसीआर १.७६, मरतूक ७१. कार्यक्षमता निर्देशांक (जिवंत टक्के गुणिले वजन गुणिले १००, भागिले दिवस गुणिले एफसीआर) पूर्वेचा २८० आणि पश्चिमेचा २५७. लाइन साफ झाल्यावर दोन बाजूंमधले अंतर ८० ग्रॅमवरच थांबले, वाढले नाही. पाण्याचा वाटा मोठा होता याचा हा एक अंदाज. हळद-ओव्याने फायदा केला की तोटा, याचे उत्तर या बॅचमध्ये नाही, आणि 'आयुर्वेदाने बॅच बसवली' असे म्हणणेही चूकच ठरेल.

पुढच्या बॅचची मांडणी

१२० फुटांचे सहा कप्पे करायचे, प्रत्येक २० फुटांचा, ५०० पक्ष्यांचा. पश्चिमेकडून मोजून १, ४ आणि ५ क्रमांकाच्या कप्प्यांना पुरवणी, २, ३ आणि ६ साधे. म्हणजे तापणारी पश्चिमेची बाजू एकाच गटाच्या वाट्याला येत नाही. पिल्ले आल्यावर प्रत्येक डब्यातली थोडी थोडी सहाही कप्प्यांत वाटायची. ब्रूडिंगचे (पिल्लांना ऊब देण्याचे) गोलही सहाच. पाण्याची टाकी एक, आणि तिच्यात क्लोरीनशिवाय काही नाही. पुरवणीच्या पोत्याला लाल सुतळी, साध्याला पांढरी, आणि कप्प्याला दिलेले प्रत्येक पोते वहीत.

चार वनस्पतींऐवजी दोनच: हळद ०.५ टक्के, ओवा ०.२५ टक्के. आणि वरून नव्हे, सूत्रात बसवून. फिनिशरचे (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याचे) साधे सूत्र १०० किलोला असे: मका ६०, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) ३१, तेल ५, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १.५, चुनखडी पूड १, मीठ ०.३, खाण्याचा सोडा ०.२, मिथिओनिन ०.२, लायसिन ०.१५, बाकी जीवनसत्त्वे, खनिजे, विकरे आणि औषध मिळून ०.६५. पुरवणीच्या पोत्यात मका ५९, तेल ५.२५ आणि हळद-ओवा ०.७५, बाकी तेच. दोन्हींची ऊर्जा ३,१८० च्या आसपास राहते, म्हणजे तुलना हळद-ओव्याचीच होते.

मिसळताना हळद आणि ओवा आधी ५ किलो मक्याच्या पिठात घोळवायचे, मग मिक्सरमध्ये मका-सोयाबरोबर चार मिनिटे कोरडे फिरवायचे. तेल सर्वात शेवटी, त्यानंतर पुन्हा चार मिनिटे. तेलाने पूड भरड्याला धरून राहते. पहिल्या आणि शेवटच्या पोत्यातले मूठभर खाद्य पांढऱ्या कागदावर पसरून रंग जुळतो का पाहावे.

हिशेब आधीच करून ठेवायचा. हळद १५० रुपये, ओवा २०० रुपये, तेल १२० रुपये आणि मका २४ रुपये किलो धरला, तर १०० किलो खाद्य १३१ रुपयांनी महागते. साधे खाद्य ३८ रुपये किलो असेल तर पुरवणीचे ३९.३१. साध्या खाद्याचा एफसीआर १.७० असताना किलोभर वजनामागे खाद्याचा खर्च ६४.६० रुपये. तोच खर्च पुरवणीच्या खाद्यात यायचा तर एफसीआर १.६४ हवा. ०.०६ ची सुधारणा म्हणजे थोडी नव्हे. पूर्ण बॅच दिली तर पक्ष्यामागे सुमारे ४.४५ रुपये, शेडला १३,००० रुपयांच्या घरात. पण पहिल्या दहा दिवसांत पिल्लू ३०० ग्रॅमच्या आतच खाते. तेवढीच पुरवणी दिली तर पक्ष्यामागे ४० पैशांच्या आत, शेडला हजार-अकराशे. ज्या काळात आतडे तयार होत असते आणि ओव्याकडून अपेक्षाही जास्त, तोच काळ सर्वात स्वस्त आहे. म्हणून खर्च परवडतो का याचा विचार पूर्ण बॅचचा न करता पहिल्या टप्प्याचा वेगळा करावा.

निकाल वाचण्याची पद्धतही आधी ठरवून लिहून ठेवायची. पुरवणीचे तिन्ही कप्पे साध्याच्या तिन्ही कप्प्यांच्या पुढे राहिले, तर नुसत्या नशिबाने असे घडण्याची शक्यता २० मध्ये १ आहे. तेव्हा फरक मानावा, आणि एफसीआर १.६४ च्या खाली आला का ते पाहून पूर्ण बॅचला द्यायचे की नाही ठरवावे. कप्पे एकमेकांत मिसळले, एखादा साधा कप्पा पुरवणीच्या कप्प्याच्या पुढे गेला, तर सरासरी कितीही बरी दिसली तरी पूर्ण बॅचवर १३,००० रुपये लावू नयेत. पहिल्या दहा दिवसांपुरती पुरवणी ठेवून उरलेले पैसे फॉगर (पाण्याचे बारीक तुषार सोडणारी यंत्रणा) आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या बारदान्याच्या पडद्यावर घालावेत. एप्रिलची हवा इथे कोरडी असते, धुके आणि खेळती हवा मिळून तापमान सहज उतरते. कंपनीच्या करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांना मात्र हा प्रयोग करता येणार नाही. तिथे खाद्य कंपनीचे असते, त्यात स्वतःहून काहीही मिसळण्याआधी सुपरवायझरची लेखी परवानगी लागते.